संगणकाची बिनटाक्याची शस्त्रक्रिया

खालापूर येथील उपविभागीय भित्तिघोषणा व फलकलेखन कार्यालयास सन १९८७ च्या दिवाळीपूर्वी एक संगणक प्राप्त झाला. तो कोणी मागितला नव्हता. आमच्या कार्यालयात मागितलेली वस्तू येत नाही, हे एव्हाना भिंतीवरच्या पालीलाही ठाऊक आहे. आम्ही गळक्या छपरासाठी कौलं मागत होतो. वरून संगणक आला. मग तो गळणार नाही अशा जागी ठेवायचा कुठे, हा प्रश्न निघाला. न गळणारी खोली एकच, साहेबांची. तेव्हा संगणक साहेबांच्या खोलीत बसला आणि साहेब टेबलासकट पडवीत आले.

मी या कार्यालयाचा हेडक्लार्क. लोक मला भाऊसाहेब म्हणतात. कार्यालयाचं काम आधीच सांगून टाकतो, कारण लोकांना ते ठाऊक नसतं आणि ठाऊक नसलं की लोक उगाच दात काढतात. चौक गावापासून खोपोलीच्या घाटापर्यंत रस्त्याकडेच्या भिंतींवर ‘झाडे लावा’, ‘साक्षर व्हा’, ‘अल्पबचत करा’ असं जे काही दिसतं ते आमचं. भिंत लोकांची, मजकूर सरकारचा, मांडणी आमची. कोणत्या खात्याची घोषणा कोणाच्या गोठ्यावर यावी, अक्षर किती हात उंच असावं, चित्र काढावं की नुसत्या मजकुरावर भागवावं, हे ठरवणं म्हणजे तोंडाच्या गप्पा नव्हेत.

आणि हे सगळं रंगवायचा सहदेव. कुंभिवलीचा पोरगा, रोजंदारीवरचा रंगारी. मिसरूड फुटायच्या आधी आमच्याकडे लागला आणि तिशी जवळ आली तरी रोजंदारीच. अक्षर मात्र असं वळणदार की घाट उतरून आलेला ट्रकवाला गाडी हळू करून ‘अल्पबचत करा’ वाचायचा. बचत करत नसे, पण वाचायचा. त्याच उन्हाळ्यात लोधिवलीच्या जयवंताशी सहदेवचं लग्न झालं होतं. सासऱ्याने पोरगी दिली ती ‘जावई सरकारात आहे, आज ना उद्या कायम होईल’ या बोलीवर. घरी आई, ठकूबाई. ती मुलाला रोज विचारायची, ‘कायम झालास का रं?’ आणि सुनेच्या तोंडाकडे रोज नुसतीच बघायची. घरात एक पोर यावं आणि पोराच्या बापाची नोकरी कायम व्हावी, याउपर त्या घराचं देवाकडे किंवा सरकारकडे काही मागणं नव्हतं.

संगणकाबरोबर एक आदेश आला होता. यापुढे घोषणांची मांडणी व रेखाटन संगणकावर करावे. संगणक चालू होताच ‘संगणक चित्रकार’ हे पद कायमस्वरूपी भरावे. मार्चअखेर संगणक चालू न झाल्यास पद आपोआप रद्द समजावे. पदावर सहदेवलाच घ्यायचं हे ठरलेलंच होतं, कारण आमच्याकडे दुसरा कोणी चित्रकार नव्हता आणि संगणक त्याच्याच नावावर जमा दाखवला होता. बातमी ऐकून सहदेवने पडवीतच साहेबांच्या पाया पडायला घेतलं. “अरे, आधी मशीन तर चालू दे,” असं मी म्हणालो. माझं मेलं तोंडच तसं आहे.

मशीन चालू झालं नाही. बटण दाबलं की आत काहीतरी घरघरायचं, काळ्या पडद्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकायचा आणि तसाच लुकलुकत राहायचा. मुंबईहून विक्रेता आला. टाय लावलेला, तरुण, घाईचा माणूस. त्याने चपला बाहेर काढल्या, मशीनकडे पाहिलं आणि म्हणाला, “यात ऑपरेटिंग सिस्टीम नाहीये. ती तुम्हाला निवडावी लागेल.”

आमचे राजवाडकर साहेब बदलीवर आलेले, सज्जन आणि घाबरट. “म्हणजे नेमकं काय निवडायचं?” त्यांनी विचारलं.

“साहेब, मशीनने काम कसं करायचं हे मशीनला सांगणारी एक व्यवस्था असते. आमच्याकडे दोन आहेत. एक डॉस. काळ्या पडद्याची, जुनी, भरवशाची. दुसरी नवी आलीय, तिच्यात खिडक्या असतात. चित्रकामाला ती बरी, पण इकडे अजून कोणी वापरलेली नाही.”

“खिडक्या?” साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. “खिडक्या म्हटल्या की बांधकामवाल्यांचा अभिप्राय आला, भाऊसाहेब.”

“आला म्हणजे काय, मागवावा लागेल,” मी म्हणालो. “या खोलीची आहे ती खिडकी उघडत नाही म्हणून आपण पत्र दिलंय, त्याचं उत्तर माझ्या नोकरीत तरी आलेलं नाही.”

तेव्हा खिडक्या रद्द झाल्या आणि डॉस ठरली. निवड अशी चटकन झाली की विक्रेताही खूश झाला. “मला फक्त एक पत्र द्या, वरून मंजुरी आली की मी घेऊन येतो,” असं म्हणून तो चपला घालून गेला. इथवर सगळं शहाण्या माणसांचं बोलणं होतं, हे मी मुद्दाम नमूद करतो.

पत्र मी लिहिलं. त्या सुमारास राजभाषेचा पंधरवडा चालू होता आणि पत्रात इंग्रजी शब्द आढळल्यास लेखी खुलासा द्यावा लागत असे. मी शब्दकोश काढला. ‘ऑपरेट’ या शब्दाचा पहिला अर्थ ‘चालवणे’ असा होता. पण चालवतात सायकल. सरकारी पत्रात ते कसं दिसणार? दुसरा अर्थ ‘शस्त्रक्रिया करणे’. हा भारदस्त होता. ‘सिस्टीम’ म्हणजे पद्धती. जोडशब्द झाला: शस्त्रक्रिया पद्धती. राहता राहिला डॉस. आमच्या टंकयंत्राची अर्धचंद्राची कळ केव्हाच तुटलेली. अर्धचंद्र गेला की डॉसचा होतो डास. आता खालापुरातून सरकारकडे डास मागवायचे, तर लोक काय म्हणतील? म्हणून मी वर एक मात्रा दिली आणि विषय पूर्ण केला: ‘कार्यालयीन संगणकास शस्त्रक्रिया पद्धती (डोस) उपलब्ध करून देणेबाबत’. साहेबांनी वाचलं, “वा, भाऊसाहेब, इंग्रजी औषधालाही नाही,” असं म्हणाले आणि सही केली.

वरच्या कार्यालयाने ते पत्र आरोग्य विभागाकडे वळतं केलं. यात त्यांची काही चूक काढता येणार नाही. शस्त्रक्रिया आणि डोस हे दोन शब्द एकाच ओळीत दिसल्यावर जो कारकून पत्र शेतकीकडे पाठवील, त्याला आधी निलंबित करायला हवं.

आरोग्याकडून उत्तर आलं आणि तेही पंधरवड्याच्या आत. आमच्या कार्यालयाच्या इतिहासात असं घडलं नव्हतं. ‘आपली मागणी मान्य करण्यात येत आहे. शस्त्रक्रियेच्या दोन पद्धती उपलब्ध आहेत: टाक्याची आणि बिनटाक्याची. आपली निवड कळवावी.’

“बघा!” साहेब टाळी देत म्हणाले. “तो टायवालाही दोनच म्हणाला होता. एक जुनी, एक नवी. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता.”

या निवडीसाठी मात्र रीतसर बैठक झाली. चहा झाला. मी टिपण केलं ते असं: टाक्याच्या पद्धतीचा सर्वांना अनुभव आहे, त्यामुळे तिच्याविषयी तक्रारीही आहेत. बिनटाक्याची पद्धती पुरुषांसाठी नुकतीच आली असून तालुक्यात ती अजून कोणावरही झालेली नाही, त्यामुळे तिच्याविषयी एकही तक्रार नाही. सबब तीच निवडावी. साहेबांनी समारोपाला एकविसाव्या शतकाबद्दल चार शब्द सांगितले. पुरुषांचा इथे काय संबंध, असा प्रश्न माझ्या मनात आला होता. पण बैठक संपत आली होती आणि चहाचे कप परत द्यायचे होते.

त्यानंतर आरोग्याने लाभार्थीची माहिती मागवली. मी ती प्रामाणिकपणे भरली. लाभार्थीचे नाव: संगणक. वय: चार महिने. हयात अपत्ये: दोन, पैकी एक पडदा व एक कळफलक. छापण्याचं यंत्रही मागवावं, असा सहदेवचा हट्ट होता. मी त्याला समजावलं की बाबा रे, दोन झाली आहेत, तिसरं आता मागता येणार नाही. नियम म्हणजे नियम.

ही माहिती पोचली आणि चौथ्या दिवशी तालुक्याचे सरकारी डॉक्टर स्वतः जीप घेऊन आले. भला माणूस, पण फेब्रुवारी महिना होता आणि फेब्रुवारीत आरोग्य खात्यातला कोणताही माणूस भला राहत नाही. त्यांना मार्चअखेर कुटुंबनियोजनाच्या शस्त्रक्रियांचं उद्दिष्ट पुरं करायचं असतं. डॉक्टरांनी मशीन पाहिलं, पत्र पाहिलं, पुन्हा मशीन पाहिलं आणि माझ्या खुर्चीत बसून कपाळ पुसलं.

“राजवाडकर साहेब,” ते म्हणाले, “हे ते ऑपरेशन नव्हे हो!”

साहेबांचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे माझ्या सहीचं पत्र चुकीचं, असं म्हणता? वर मंजुरी दिली त्यांचीही चूक?”

“वरच्यांची चूक कशी असेल?” डॉक्टर घाईघाईने म्हणाले. “आणि मी तरी हा आकडा मागे कसा घेऊ? तुमचा लाभार्थी माझ्या उद्दिष्टात धरलाय, अहवाल वर गेलाय. एक कमी दिसला तर माझी बदली डोंगरात.”

आता तुम्हीच सांगा. एक माणूस चूक म्हणाला तर दुसरा अडकतो, दुसरा म्हणाला तर तिसरा. चूक दुरुस्त करायची तर ‘चूक झाली’ असा प्रस्ताव करावा लागतो आणि त्यावर ज्याने चूक केली त्याचीच सही लागते. तिघेही आम्ही शहाणे, बायकापोरांचे धनी. तेव्हा मार्ग मीच सुचवला. संगणकाला शिबिरात नेता येणार नाही, तो जागचा हलत नाही. पण संगणक ज्याच्या नावावर जमा आहे, तो हलतो.

सहदेव लोधिवलीच्या भिंतीवर गेरू लावत होता, त्याला बोलावून घेतलं. हात लाल, डोक्याला फडकं. साहेबांनी त्याला बसायला खुर्ची दिली. तेव्हाच तो दचकला. रोजंदारीवाल्याला खुर्ची म्हणजे काहीतरी वाईटच.

“माज्यावर?” सगळं ऐकून तो म्हणाला. “साहेब, माजं लगीन होऊन वरीस नाय झालं. पोर नाय, बाळ नाय. अन् मशीन बंद पडली म्हून माजी नस कापायची?”

“नस नाही रे, बिनटाक्याची आहे,” साहेब म्हणाले.

“सहदेव, नीट विचार कर,” मी म्हणालो. “मार्चअखेर मशीन चालू झालं नाही तर पद गेलं. मंजूर शस्त्रक्रिया झाल्याशिवाय मशीन चालू झालं असं म्हणता येत नाही. तुला कायम व्हायचंय ना?”

“कायम कुणासाटी व्हायचं, भाऊसाहेब? पोराबाळांसाटीच ना?”

मी त्याला भिंतीवर परत पाठवला.

दुसऱ्या दिवशी ठकूबाई कार्यालयात आली. पदर खोचलेला, पायात चपला नाहीत आणि आवाज पार बाजारपेठेपर्यंत. “कोन हाय रं तो माज्या पोराला कापनारा? मशीन बिघडली तर मशीन कापा की! मुडद्यांनो, तुमाला काय माजंच घर घावलं व्हय?” साहेब संगणकाच्या खोलीत जाऊन आतून कडी लावून बसले. मी म्हातारीला शासनाचं धोरण समजावून सांगितलं. ती माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाली, “भाऊसाहेब, तुमाला पोरं किती?” मी म्हणालो, चार. “मग तुमी जा की!” अडाणी माणसाशी वाद घालू नये म्हणतात ते खोटं नाही.

आणि अशात, कोणी बोलावलं नसताना, तो टायवाला विक्रेता आला. पुण्याला निघाला होता, वाटेत उतरला. पिशवीतून एक काळं, पातळ, चौकोनी पाकीट काढलं. “तुमचं पत्र काही आलं नाही. म्हटलं, तोवर ही घ्या वापरायला. हीच ती डॉस.” ते पाकीट त्याने मशीनच्या फटीत सरकवलं, दोन बटणं दाबली आणि घरघर थांबून पडद्यावर हिरवी अक्षरं भराभर उमटली. विक्रेत्याने सहदेवला दाखवलं, असं दाबायचं, तसं दाबायचं. सहदेव अवघडून बसला होता, हळूहळू पुढे सरकला. थोड्या वेळाने त्याने हिरव्या फुल्या आणि रेघा जुळवून एक घर काढलं. कौलारू घर, पुढे ओटी, दारात एक लहानसं माणूस.

“भाऊसाहेब, चालला वो! कंप्युटर चालला!” तो ओरडला, तेव्हा त्याचा आवाज फाटला होता. मलाही क्षणभर बरं वाटलं, कशाला खोटं बोलू?

पण विक्रेता एसटी पकडायला पळाला आणि साहेब पडवीत येरझारा घालू लागले. “भाऊसाहेब, मंजुरी शस्त्रक्रियेची आहे. हे पाकीट कुठून आलं? आवक नोंद? मंजुरीशिवाय मशीन चालू राहिलं तर ते अनधिकृत चालणं होईल.” बरोबर होतं त्यांचं. मी मशीन बंद करायला लावलं आणि पाकीट ताब्यात घेतलं. कार्यालयात आलेला प्रत्येक कागद, पाकीट वा वस्तू सहपत्र म्हणून फाईलला जोडायची असते. मी दाभण घेतला, पाकिटाला मधोमध दोन भोकं पाडली, हिरवी नाडी ओवली आणि व्यवस्थित गाठ मारली.

सहदेव दारात उभा होता. त्याने ते पाहिलं आणि गाठ सोडवायला पुढे धावला.

नंतर ते पाकीट नाडीतून सोडवून पुन्हा फटीत घालून पाहिलं. मशीनने फक्त एक कर्कश आवाज काढला. म्हणजे आता शस्त्रक्रियेशिवाय इलाज राहिला नाही, हे सर्वांनाच पटलं.

शिबीर मार्चच्या शेवटच्या आठवड्यात शाळेच्या इमारतीत होतं. सहदेव आला. का आला, हे मी विचारलं नाही. सासऱ्याने ‘कायम कधी?’ म्हणून निरोपावर निरोप धाडले होते एवढं मला माहीत होतं. सोबत कुंभिवलीची पाचपंचवीस माणसं होती. कोणी शिबिरासाठी, कोणी मजा बघायला. ठकूबाई वर्गाच्या दारात आडवी बसली. जयवंता तिच्यामागे भिंतीला टेकून उभी होती. मी आणि साहेब कार्यालयातर्फे उपस्थित होतो.

डॉक्टरांनी हातमोजे चढवले आणि लाईट गेली. इथून हाकेच्या अंतरावर, खोपोलीला, डोंगरावरून पाणी सोडून वीज तयार करतात. ती आमच्या डोक्यावरच्या तारांतून पुढे मुंबईला जाते. आम्हाला फक्त तारा दिसतात. नवी बिनटाक्याची पद्धती विजेवर चालणारी. संध्याकाळपर्यंत वाट पाहिली, वीज आली नाही. शिबीर दुसऱ्या दिवशी कर्जतला होतं, आकडा आज हवा होता.

“नावं पुकारतो,” डॉक्टर थकलेल्या आवाजात म्हणाले. “हजर म्हणा, प्रमाणपत्र घ्या आणि घरी जा. कोणाला हात लावणार नाही.”

वर्गात हशा पिकला. एकेकाने ‘हजर’ म्हणून शिक्क्याचा कागद घेतला. सहदेवचं नाव आलं तेव्हा तो आईकडे बघायला लागला. “घे रं,” ठकूबाई उठून पदर झटकत म्हणाली, “कागदानं काय व्हतंय?” त्याने कागद घेतला. जयवंता हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. सगळं गाव खिदळत घरी गेलं, आणि सरकारचंही काम झालं. मी म्हणतो, इतकं निर्मळ समाधान फार थोड्या योजनांतून मिळतं.

संगणकाची शस्त्रक्रिया यशस्वी झाल्याचा अहवाल गेला. सहदेव कायम झाला. त्याने पेढे वाटले, ठकूबाईने माझ्या बायकोसाठी वालाच्या शेंगा पाठवल्या. मशीन काळंच होतं, पण त्याच्यावर आता भरतकामाचं झाकण होतं. पावसाळ्यात वरून एक बडे अधिकारी तपासणीला आले, तेव्हा मात्र तारांबळ उडाली. मग सहदेवला बसवून पडद्याच्या काचेवर ऑईलपेंटने घोषणेची मांडणी रंगवून घेतली: आई, बाप, दोन मुलं आणि खाली ‘छोटे कुटुंब, सुखी कुटुंब’. अधिकारी वाकून बघत राहिले.

“मुंबईला आम्ही पाहिलं तिथे सगळं नुसतं हिरवं दिसतं. तुमच्याकडे चार रंग कसे?”

“बिनटाक्याची पद्धती आहे, सर,” साहेब म्हणाले. कार्यालयाला उत्कृष्टतेचं प्रशस्तिपत्र मिळालं.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण सहदेवला पेढे वाटायची खोड. दिवाळीनंतर तो पुन्हा पुडा घेऊन आला. जयवंताला दिवस गेले होते. कायम कर्मचाऱ्याने कुटुंबातील बदल वेळच्या वेळी कळवावा असा नियम आहे, म्हणून त्याने आपण होऊन अर्जही आणला होता. मी पेढा तोंडात टाकला, अर्ज वाचला आणि पेढा घशात अडकला.

“अरे सहदेव, तुझी तर शस्त्रक्रिया झालीय!”

तो हसला. त्याला वाटलं, मी थट्टा करतोय.

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, “अपयश शून्य असा माझा अहवाल आहे. शून्याचं एक करू नका.” शस्त्रक्रिया झालीच नाही असं म्हणावं, तर प्रमाणपत्र खोटं, प्रमाणपत्र खोटं तर संगणक चालू झाल्याचं खोटं, ते खोटं तर पद रद्द, सहदेव रोजंदारीवर, आणि साहेब, डॉक्टर, मी, तिघेही घरी. सहदेव म्हणाला, “माजं आंग बगा, येक टाका नाय!” डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, “नसणारच. बिनटाक्याची होती.”

तेव्हा शस्त्रक्रिया झाली होती आणि ती यशस्वी झाली होती. राहिला प्रश्न मुलाचा. अर्ज नियमाप्रमाणे वर पाठवला होता, त्यावर पत्र आलं, ‘अपत्याबाबत चौकशी करून खुलासा सादर करावा’. चौकशीला कुंभिवलीत मीच गेलो. शिबिरात ‘हजर’ म्हणून खिदळलेली सगळी माणसं ओट्यावर बसली होती. मी विचारलं, त्या दिवशी काय झालं ते सांगता का? एकाने तंबाखू मळली. एकजण आकाशाकडे बघत म्हणाला, “आमी काय सांगनार, भाऊसाहेब? शिक्का हाय, कागद हाय.” त्यांच्याही घरी तसेच कागद होते. म्हाताऱ्या बायका पाण्याच्या हातपंपावर कुजबुजायला लागल्या की जयवंता रस्त्याकडेच्या कारखान्यात कामाला जाते, येताना उशीर होतो. एका महिन्यात गावाने लाईट गेली होती हेच विसरून टाकलं. लोधिवलीहून सासरा आला आणि पोरीशी न बोलता परत गेला. आणि सहदेव, ज्याच्या अंगाला कोणी बोट लावलं नव्हतं तो सहदेव, एके दिवशी माझ्यापाशी येऊन खालच्या आवाजात म्हणाला, “भाऊसाहेब, अंधार व्हता. त्या अंधारात त्यांनी काय केलं तर नसंल ना?”

जयवंता कार्यालयात आली ती महिने भरत आल्यावर. चालत आली होती. मी खुर्ची दिली, ती बसली नाही.

“तुमी तितं व्हता,” ती म्हणाली. “लाईट गेली तवा तुमी दारापाशी व्हता. माज्या नवऱ्याला हात लावला का कुनी?”

“मी कार्यालयीन कामासाठी उपस्थित होतो,” मी म्हणालो.

“मग कार्यालयीन सांगा.”

“बाई, मी सरकारी माणूस. सरकारी प्रमाणपत्राविरुद्ध मला साक्ष देता येत नाही. सरकारात नसलेले आणि नात्यातले नसलेले दोन साक्षीदार आणा, लगेच लिहून घेतो.”

“गावात कोन उबा ऱ्हात नाय. समद्यांना ठावं हाय, अन् कोन बोलत नाय.” तिने पोटावर हात ठेवला. रडली नाही. “ही पोर माज्या नवऱ्याची हाय, भाऊसाहेब. तुमच्या मशीनची नाय.”

मुलगीच झाली. तिच्या नोंदीत बापाचं नाव लिहायची जागा अजून मोकळी आहे, कारण चौकशी पूर्ण झालेली नाही. मी काही दगड नाही. मलाही वाटतं, पोरीचं नाव लागावं. पण नियमाप्रमाणे साक्षीदार हवेत: सरकारात नसलेले, नात्यातले नसलेले, आणि सगळं पहिल्यापासून माहीत असलेले.

म्हणून तर इतका वेळ तुम्हाला हे सगळं सांगत बसलो. तुम्ही नात्यातले नाही. सगळं ऐकलंत, मधेमधे हसलातही. ते मी लिहून घेणार नाही. पत्र कसं गेलं, लाईट कधी गेली, कोणाला हात लागला नाही, हे तुम्हाला माझ्याइतकंच ठाऊक आहे. हे घ्या पेन. इथे नाव, इथे पत्ता, इथे सही.

काय म्हणता? तुम्हाला कशाला मधे घेतो? कोर्टकचेरीचं लचांड नको? आणि तुम्ही काही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं नाही?

बरं. पेन द्या इकडे. चौकशी पूर्ण करतो. बाप: अज्ञात. हरकत घेणारे: कोणी नाही.